जीपची डावी बाजू

गाडीत बसायच्या आधी आबा चपला काढायचे. काढून सीटखाली सरकवायचे आणि अनवाणी पायांनी क्लच दाबायचे. पहिल्यांदा बघणारा माणूस हसायचा. मीही हसलो होतो. त्यावर ते म्हणाले होते, "पायाला कळाय पायजे. चप्पल मधी आली की निरोप उशिरा पोचतो."

आणि कसं काय चाललंय असं विचारलं की उत्तर एकच, "सावकाश." रस्ता कसाय आबा? सावकाश. तब्येत? सावकाश. भात झोडून झालं का? सावकाश. कधी ते चेष्टेत म्हणायचे, कधी दमून. दोन्हीतला फरक मला बऱ्याच उशिरा ओळखू यायला लागला.

नाव सांगत नाही. तिकोणा पेठेच्या बाजूला 'आबांची जीप' म्हटलं की शेंबडं पोरही सांगेल. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेलच, ज्याच्या गाडीचा आवाज ऐकून बायका पोरींच्या वेण्या घालायची घाई करतात.

माझं गॅरेज पवनानगरच्या नाक्यापासून जरा पुढं. पत्र्याचं शेड आणि गाडीखाली उतरायला सिमेंटचा खड्डा. तळेगावचा कारखाना सुटल्यावर हे सुरू केलं. आता खड्ड्यातून वर आलं की पाठ सरळ व्हायला वेळ लागतो. शनिवार-रविवारी धरणाकाठी तंबूत राहायला शहरातली माणसं येतात. त्यांच्या गाड्या दगडावर बसतात, पंक्चर होतात आणि ती माणसं दारात उभी राहून हॉर्न वाजवतात. या सगळ्यात आबा आले की बरं वाटायचं. ते हॉर्न वाजवायचे नाहीत. गाडी लावून बाकावर बसायचे, माझं हातातलं काम संपेपर्यंत.

तरुणपणी त्यांनी एका कंपनीची बस चालवली होती. मग जुनी जीप घेतली. सकाळी वाड्यावस्त्यांवरची पोरं शाळेला आणायची, दुपारी परत सोडायची. मधल्या वेळात खताच्या गोण्या, आजारी माणसं, कधी नवरी. गुरुवारी म्हाताऱ्यांना शिरगावला साईबाबाच्या दर्शनाला न्यायचे. येताना म्हाताऱ्यांची प्रसादावरून हमखास भांडणं व्हायची. आबा मला सांगायचे, "देव तितंच र्‍हायला आन भांडान गाडीत आलं."

ज्या पोरांना गाडी लागायची त्यांना ते पुढं बसवायचे आणि खिशातली आवळासुपारी द्यायचे. काही दिवसांनी सगळ्याच पोरांना गाडी लागायला लागली. आबांना ते कळत होतं. तरी ते द्यायचे.

तेल बदलायचा दिवस त्यांनी कधी चुकवला नाही. काळं तेल खाली पडायला लागलं की ते खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसायचे, दोन बोटांत तेल चोळून बघायचे, वास घ्यायचे आणि मान हलवायचे. जुनं तेल डब्यात भरून घरी न्यायचे, गोठ्याच्या खांबांना लावायला. "वाळवीला लय कडू लागतं," म्हणायचे.

त्या शनिवारी शाळा सकाळची होती. पोरांना सोडून ते दुपारी आले. मार्गशीर्षातलं ऊन होतं, तरी खड्ड्यात गारवा होता. मी खाली उतरलो, चेंबरचा नट सोडला. तेल आलं, पण धार नेहमीसारखी नव्हती. तेल तळहातावर घेऊन दिव्याखाली धरलं, तर त्यात चमक. लग्नाच्या पत्रिकेवर चिकटवतात तशी बारीक चमकी.

इंजिनाच्या तेलात चमकी दिसणं चांगलं नाही. आत कुठंतरी लोखंडाला लोखंड घासतंय, असा त्याचा अर्थ.

"का थांबलास रं?" वरून आबांनी विचारलं.

"आबा, गाडी कुठं घासली का खालून?"

"माझी गाडी? न्हाई बाबा."

मी चेंबर उतरवला. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची परात. तिला डावीकडून मोठा पोचा आलेला, दगडावर बसल्यावर येतो तसा. परात आत दबली होती आणि तेल वर ओढणाऱ्या नळीची जाळी तिला जवळजवळ टेकली होती. इंजिनाला पुरेसं तेल मिळत नव्हतं, बेअरिंग कोरडी झिजत होती. असंच आणखी काही दिवस चाललं असतं तर भर रस्त्यात इंजिन जाम झालं असतं, बहुतेक चढावर, पोरं भरलेली असताना.

असे पोचे मी दर आठवड्याला बघतो. पण ते तंबूवाल्यांच्या गाड्यांना. आबांच्या पायाला कळलं नाही, हे मला पटेना. मी टॉर्च घेऊन गाडी खालून नीट बघायला लागलो. डाव्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे खरचटलेले. डावी पायरी वाकलेली. डाव्या चाकाचं रबर कडेनं सोललेलं. डाव्या मडगार्डची कड दुमडलेली. डाव्या आरशाला चिकटपट्टी. मग मी उजवी बाजू बघितली. तिथं फक्त चिखल होता.

वर येऊन विचारलं, "आबा, गाडी आणखी कोण चालवतं?"

"कोन चालवनार? आमच्या मंडळीला हॉर्नसुदिक वाजवू देत न्हाई मी."

"आणि तो आरसा?"

"म्हशीनं धक्का दिला."

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की खोटं वाटेना. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. त्यांनी खालची बारीक अक्षरंसुद्धा वाचली आणि म्हणाले, "शिबिरात डोळं तपासलंत. डाक्टर म्हनला, तरन्या पोरासारखं हायती."

मग चहा आला. मी त्यांच्या डाव्या हाताला उभा होतो. ग्लास तिकडूनच त्यांच्यापुढं धरला. त्यांनी घेतला नाही. समोर बघत ते भाताच्या पेंढ्याबद्दल काहीतरी बोलत राहिले. माझं बोट पोळायला लागलं. मी तसाच चालत त्यांच्या समोरून उजवीकडं गेलो, तेव्हा दचकून म्हणाले, "चा कवा आला?"

मला एकदम दमल्यासारखं झालं. गाडीचा दोष सापडला की मला हलकं वाटतं. या वेळी तो सापडला तेव्हा वाटलं, सापडला नसता तर बरं.

गाडी ठेवून घेतली. रविवारी सकाळी तळेगावहून बेअरिंग आणली, पोचा ठोकून काढला, नवं तेल भरलं. दुपारी आबा आले. इंजिनाचा आवाज ऐकून खूश झाले. मी म्हणालो, "एक फेरी मारून बघू." चपला सीटखाली गेल्या. मी डावीकडं बसलो आणि हात हँडब्रेकवर ठेवला. मला खात्री करून घ्यायची होती, आणि सोमवारी पोरं बसायच्या आत करायची होती. मुद्दाम शेतांमधला आडरस्ता घ्यायला सांगितला, तिकडं तंबूवाल्यांची गर्दी नसते.

ते चालवत होते छानच. गिअर असा पडायचा की कळायचंही नाही. पण मोरीपाशी डावी चाकं डांबर सोडून दगडांवरून गेली. गाडीला हिसका बसला.

"रस्त्याची पार वाट लागलीया," आबा म्हणाले.

रस्ता चांगला होता.

पुढं डाव्या कडेनं एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. पाठमोरी. गाडी सरळ तिच्याकडं जात होती. मी म्हणालो, "आबा, डावीकडं बघा."

"काय हाय डावीकडं?" त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

मी स्टेअरिंग उजवीकडं ढकललं आणि हँडब्रेक ओढला. बाईनं भारा टाकून बांधावर उडी मारली. गाडी भाऱ्यावरून गेली आणि थोडं पुढं जाऊन थांबली. मी चावी काढून मुठीत धरली.

"वेडा झालास का रं?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते रागावले होते. "चालत्या गाडीचं स्टेरिंग धरतो?"

"आबा, तिथं बाई होती."

"कोन बाई? कुटं?"

"डावीकडं. गवत घेऊन चालली होती."

"मला दिसली नसती व्हय? मला काय कमी दिसत न्हाई. जे दिसतं ते समदं दिसतं."

"जे दिसत नाही, ते नाही दिसत आबा. गाडीला सगळे मार डाव्या बाजूला आहेत. काल चहा तुमच्या डाव्या अंगाला धरला होता मी."

"चावी दे."

"नाही देत."

आजवर मी त्यांना कशाला नाही म्हणालो नव्हतो. ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आजपातूर कुनाच्या पोराला खरचाटलं का माझ्या गाडीत? सांग."

"नाही. म्हणूनच देत नाही."

मी उतरलो, त्यांच्या बाजूला गेलो आणि म्हणालो, "माझ्यासोबत चला. एवढंच करा." ते अनवाणीच उतरले.

मागं रस्त्यावर गवत पसरलं होतं आणि त्यातून चाकाचा पट्टा गेला होता. ती बाई वाकून गवत गोळा करत होती. आम्हाला बघून ती बोलायला लागली, मग आबांना ओळखून थांबली. त्यांच्या वस्तीजवळचीच होती. तिची मुलगी आबांच्याच जीपमधून शाळेला येते.

"आबा, तुमी व्हय?" ती म्हणाली. "म्या म्हनलं कोन पिऊन आलंय."

आबा त्या पट्ट्याकडं बघत होते. बघत बघत शेवटपर्यंत गेले. जिथं ती चालत होती तिथं तिची एक चप्पल पडली होती. ती त्यांनी उचलली, आणून तिच्या पायाशी ठेवली.

"लागलं का गं?"

"न्हाई. पर छाती धडधडतीया."

"मला तू दिसलीच न्हाई," आबा म्हणाले. "ह्यो वरडत हुता, तरी न्हाई दिसली."

तिनं चप्पल पायात घातली. मग हळूच म्हणाली, "उद्या पोरगी..." आणि थांबली.

"नगं पाठवू," आबा म्हणाले. "माझ्या गाडीत नगं."

आम्ही तिघांनी मिळून भारा बांधला. परत जीपजवळ आल्यावर आबा सवयीनं उजवीकडं गेले, दाराला हात लावला, मग वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसले. मी गाडी त्यांच्या घराकडं घेतली.

घरी मावशी, म्हणजे आबांची मंडळी, अंगणात पेंढा रचत होत्या. मला गाडी चालवताना बघून त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. मला वाटलं होतं, त्या घाबरतील. त्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तरीच. जेवताना चटनी तशीच र्‍हाती. डाव्या अंगाचं काय खातच न्हाईत. मला वाटलं, माझ्या हाताची चव गेली. मंग मी समदं उजवीकडंच वाढाय लागले."

"कवापासनं?" आबांनी विचारलं.

"लावनीपासनं. तुमास्नी खाचरात चक्कर आली हुती, आठवतंय का? दिसभर झोपून हुता. तवापासनं."

"मला बोलली न्हाईस."

"काय बोलायचं? म्हनलं, वय झालं."

आबांनी मान खाली घातली. मग उठले आणि मला म्हणाले, "दिवेलागनीला समदी घरी आसत्यात. चल, माझ्याबरुबर फिर. गाडी तू चालव. सांगायचं मी."

मी म्हणालो, "आबा, फोन करू सगळ्यांना."

"पोरं काय फोनवर दिलीती त्यांनी?"

मग आम्ही फिरलो. पोरांच्या प्रत्येक घरापुढं गाडी थांबायची, आबा उतरायचे. पायऱ्या चढताना मी डावीकडं राहायचो, कारण त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. प्रत्येक घरी तेच सांगायचे. "मला डाव्या बाजूचं दिसत न्हाई. आजच कळलं. उद्यापासनं पोरं गाडीत घालू नका." कुणी चहा ठेवायचं, कुणी पाणी द्यायचं. एका आईनं विचारलं, "आबा, आमचं काय चुकलं का?" एका घरी आजोबा चिडले, इतके दिवस कसं कळलं नाही म्हणाले. आबांनी ऐकून घेतलं. "बराबर हाय तुमचं," एवढंच म्हणाले. गाडीत बसल्यावर मी काहीतरी समजूत घालायला गेलो. ते म्हणाले, "बोलू दे त्येंला. त्येंची नात हाय."

शेवटचं घर झालं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना लोणावळ्याला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी त्यांच्या समोर बसून दोन्ही बाजूंना बोटं हलवली, मग डोक्याचा फोटो काढायला पाठवलं. डोळे चांगले होते. मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली होती, आणि डावीकडचं बघायचं काम करणारा भाग तिच्याबरोबर गेला होता. अशा माणसाला काळोख दिसत नाही, धुकं दिसत नाही, डॉक्टर म्हणाले. त्याला वाटतं, आपल्याला सगळं दिसतंय. गेलेलं बहुधा परत येणार नव्हतं. पुन्हा झटका येऊ नये म्हणून गोळ्या चालू केल्या.

बाहेर आल्यावर आबा बाकावर बसले. समोरून पर्यटकांच्या गाड्या चालल्या होत्या. मला म्हणाले, "तेल बदलाया आलो नसतो तर?"

मी गोळ्यांची पाकिटं त्यांच्या खिशात ठेवली.

जीप त्यांच्या गावातल्याच एका तरुण बाईनं चालवायला घेतली. ती आधी गुलाबाच्या पॉलिहाऊसचा टेम्पो चालवायची. पहिले काही दिवस आबा तिच्या शेजारी बसून गेले, कुठल्या वळणावर कुठलं पोर उभं राहतं ते सांगायला. मग तेही थांबलं.

पुढं पुढं ते एसटीनं गॅरेजवर यायचे. बाकावर बसायचे. मी खड्ड्यात असलो तर वरून विचारायचे, "काय निघालं?" मी सांगायचो, क्लच गेलाय, सील गळतंय. ते हूं म्हणायचे. एकदा म्हणाले, "गाडी गेली त्याचं वाईट न्हाई वाटत. पहाटं जाग येती. मंग कळत न्हाई, उटून काय करायचं." मी त्यांना जुनं तेल भरून द्यायचो. ते न्यायचे, पण मला माहीत होतं, त्यांचे खांब कधीच काळे करून झाले होते.

बाजाराच्या दिवशी ते आणि मावशी जोडीनं यायचे. रस्त्याच्या उजव्या कडेनं चालायचे. ते कडेला, आणि मावशी त्यांच्या डाव्या हाताला, गाड्यांच्या बाजूला. डावीकडची माणसं त्यांना दिसत नसल्यामुळं मावशी शेजारी आहेत हे ते विसरायचे. मग एकटे असल्यासारखे स्वतःशी बोलायचे, मेथी महाग झाली, फलाण्याचं घर पडलं. मावशी डावीकडून उत्तर द्यायच्या. ते दचकून मान पार वळवून बघायचे आणि म्हणायचे, "हितंच हायस व्हय?"

"जाते कुटं?" मावशी म्हणायच्या.

पुढच्या थंडीत दुसरा झटका आला. लोणावळ्यापर्यंत पोचायच्या आतच ते गेले. दहाव्याला मी गेलो होतो. जीपमधली पोरं ओळीनं ओट्यावर बसली होती आणि कुणीच दंगा करत नव्हतं.

मावशी अजून बाजाराला येतात. एकट्याच, उजव्या कडेनंच येतात. गॅरेजच्या दारातून मला लांबवर दिसतात. त्या अगदी कडेनं चालत नाहीत. कडेला एक माणूस चालेल एवढी जागा सोडून डांबरावरून चालतात. समोरून येणारे गाडीवाले हॉर्न वाजवतात, कुणी काच खाली करून ओरडतं. मावशी पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि तशाच चालत राहतात.